मिळेल तो रंग

गाडी आली तेव्हा मी अठरा वर्षांची होते,
नोंदवली तेव्हा पाच.
मधली तेरा वर्षं बाबा
नसलेल्या गाडीची काळजी घेत होते.

हे मला आत्ता कळतंय,
त्स्वोनित्समधल्या या सशांच्या खोपटात.
एक दिवा, एक जॅक,
शेजारच्या एकेहार्डचं उसनं वेल्डिंग मशीन,
एवढाच माझा कारखाना.

फळीवरचं एकेक पुडकं सोडते.
वर्तमानपत्र चुरचुरतं, तारीख चौऱ्याहत्तरची,
आत कार्बुरेटरची जाळी.
शहात्तर: ब्रेकचे पट्टे, दोन जोड.
एक्याऐंशी: सायलेन्सर,
आणि कशाच्या बदल्यात मिळाला
तेही पेन्सिलीने लिहिलेलं,
दोन ससे, एक पोतं सिमेंट.
दारात येण्याआधीच
अर्धी गाडी फळीवर येऊन बसली होती.

मग ती आली. वार्टबुर्ग.
रंग विचारायची पद्धत नव्हती,
मिळेल तो आपला.
जुन्या दातांसारखी, पिवळट राखाडी.
सहा वर्षं चालवली.
भिंत पडली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात
बाबांनी कुणाची तरी वापरलेली ओपेल आणली,
हिच्यावर ताडपत्री टाकली
आणि पुन्हा हिचं नाव काढलं नाही.

गंज आधी उंबरठा खातो.
हो, गाडीलाही उंबरठा असतो,
दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी.
मी पेचकस नुसता टेकवला,
मुठीपर्यंत आत गेला.
चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं म्हणतात,
पण चांगला पत्रा दर वेळी
बोटभर पुढे सरकतो.
पहिल्या टाक्याला भोक पडलं, दुसऱ्यालाही.
एकेहार्ड दारातून म्हणाला,
सावकाश गं,
तेरा वर्षं थांबलेल्या माणसाची पोर तू.

फळीच्या टोकाला एक डबा होता,
एवढाच कशात न गुंडाळलेला.
झाकण छिन्नीने उचकटलं.
आत रंग नव्हता, रंगाचा दगड होता.
वरून काळा. फोडला तर लाल,
इथल्या डोंगरातल्या रोवनच्या फळांचा लाल.
म्हणजे बाबांना लाल हवी होती!
मला वाटलं, सापडलं एकदाचं
काय सलत होतं त्यांना.

तुकडा खिशात घालून केमनित्सला गेले.
रंगाच्या दुकानातला तुआन,
आईबाप त्याचे हनोईहून इथल्या सूतगिरणीत आलेले,
त्याने तो यंत्राखाली धरला, हसला.
हा गाडीचा नाही, कुंपणाचा रंग आहे.
चालेल?
चालेल म्हटलं.

पण सगळी गाडी रंगवायचा धीर झाला नाही.
राखाडीही त्यांनीच पुसली होती दर रविवारी.
नुसते नवे उंबरठे लाल केले,
दार उघडलं तरच दिसतील असे.

पेट्रोलात तेल कालवलं, पन्नासाला एक.
तीन सिलिंडर. आधी एकटाच बोलला,
मग दुसरा,
तिसरा बराच वेळ रुसून
अचानक दोघांच्या मध्ये बोलायला लागला.
निळा धूर. खोपटात मला माझा हात दिसेना.
एकेहार्डने खिडकी धाडकन लावली,
थोड्या वेळाने उघडली,
आणि नाक बाहेर काढून उभा राहिला.

आईला आणलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत.
दार उघडून म्हटलं, बघ,
बाबांना हवा होता तो रंग.
आई वाकली. बराच वेळ वाकलेलीच.
त्याला कुठला रंग हवा असणार,
त्याला गाडी हवी होती.
लाल मी म्हटलं होतं.
एकदाच. जेवताना.

मग काठी माझ्या हातात देऊन, स्कर्ट सावरून
तिने पाय उचलला, लागतो त्याहून उंच,
रंगाला बूट लागू नये म्हणून.
आत बसली. दोनदा हलून पाहिलं.
म्हणाली, सीट अजून तश्शीच टोचते.